बाल्कनीत मधमाश्या आणि फुलपाखरं यावीत म्हणून कुंडीत कोणतं देशी झाड लावू? घरात लहान मूल आहे, माश्या चावतील का?

तुळस लावा. कदाचित घरात असेलच. मग मंजिऱ्या खुडणं तेवढं थांबवा.

'मंजिरी दिसली की खुडा, झाड दाट होतं' हे सगळेच सांगतात आणि पानांपुरतं ते खरंही आहे. बी धरू लागलं की नवी पानं बारीक येतात, खोड लाकडासारखं होतं. पण माशीला तुमच्या पानांशी काय देणंघेणं? फुलंच ठेवली नाहीत तर ती येईल कशाला! मी तीन-चार कुंड्या ठेवते आणि पाळीपाळीने खुडते. एक-दोन झाडं फुलावर असतात, बाकीची फुटवे काढत असतात. मंजिरी अर्धीअधिक तपकिरी झाली की तिची पाळी.

एक मंजिरी जवळून बघा. दांड्याभोवती साधारण सहा-सहा फुलांचे वेढे असतात आणि ते खालून वर उमलत जातात. खाली बी भरतंय तेव्हा वर नवी फुलं उघडतायत, म्हणून एकच मंजिरी बरेच दिवस चालते. पुंकेसर फुलाच्या खालच्या ओठाला टेकून पुढे आलेले असतात. माशी तिथेच बसते, त्यामुळे पराग तिच्या पोटाला लागतो.

येणारं कोण? ऊन वर आलं की फुलोरी आणि सातेरी या आपल्याकडच्या मधमाश्या. नशीब असेल तर पोटावर निळे पट्टे असलेली एक गुबगुबीत माशीही दिसेल. ती पोळं बांधत नाही, मादी मातीत एकेकटी घर करते, आणि फुलापुढे क्षणभर हवेत थबकून मग बसते. माझी सगळ्यात लाडकी तीच.

रोप शक्यतो बियांपासून करा. विकतच्या रोपावर आंतरप्रवाही, म्हणजे झाडाच्या आत भिनणारं, कीटकनाशक मारलेलं असू शकतं आणि ते मकरंदातही उतरतं. म्हणजे माश्यांना बोलावून विष पाजल्यासारखं. सुकलेली मंजिरी तळहातावर चोळली की बी सुटतं. ते मातीवर भुरभुरवा, नावापुरती माती टाका, खोल पुरू नका. ओल टिकवली तर आठ-पंधरा दिवसांत उगवतं. मोठ्या झाडाला निदान पाच-सहा तास ऊन आणि पाणी न साचणारी कुंडी हवी, बाकी फार लाड नकोत. पिठ्या ढेकूण दिसला तर आधी पाण्याच्या जोरदार धारेने धुवा. कडुनिंबाचं तेल मारायचंच झालं तर माश्या गेल्यावर, संध्याकाळी, आणि फुलं टाळून.

आता चावण्याचं. फुलावर आलेली माशी आपल्या कामात असते. तिला पकडलं, चिरडलं तरच डंख मारते. चवताळतात त्या पोळ्याजवळ. तरी मुलाच्या हाताला लागेल अशा उंचीवर कुंडी नको, आणि घरात कुणाला डंखाची ॲलर्जी असेल तर हा बेत सोडलेलाच बरा.

फुलपाखरांसाठी मात्र तुळशीवर विसंबू नका. शेजारी कढीपत्त्याची कुंडी ठेवा. कॉमन मॉरमॉन नावाचं फुलपाखरू त्यावर अंडी घालतं. सुरुवातीची अळी हुबेहूब पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते, ती घाण समजून झटकू नका. पानं कुरतडली जाणार, तेवढं चालवून घ्यावं लागेल.