‘एक-दो-तीन’ कशासाठी?

प्रश्न : सासूबाईंना ताप-खोकला आहे. डॉक्टरांनी पाठीला स्टेथोस्कोप लावून ‘एक-दो-तीन बोलते रहिए’ म्हटलं, मग तेच कुजबुजायला लावलं. हे काय? (रामबाग, इंदूर)

आपण बोलतो तेव्हा आवाज श्वासनळीतून खाली फुफ्फुसातही उतरतो. निरोगी फुफ्फुस हवेने भरलेलं असतं, त्यात बारीक स्वर जिरून जातात. पाठीवर नुसती गुणगुण येते, शब्द लागत नाहीत. न्यूमोनियात वायुकोश पू-पाण्याने भरून तो भाग घट्ट होतो आणि आवाज सरळ पार येतो. म्हणजे शब्द स्वच्छ ऐकू आले की डॉक्टरांच्या कपाळाला आठी पडते! कुजबुज तर चांगल्या फुफ्फुसातून जेमतेम येते. ती कानाशी बोलल्यासारखी आली, तर दुखणं बहुधा तिथेच. हात छातीवर आवळून बसायला सांगतात ते खवाटे बाजूला सरकावेत म्हणून. मग दोन्ही बाजूंची तीच जागा ताडून पाहायची. सासूबाईंनी मराठीत ‘एक-दोन-तीन’ म्हटलं तरी चालतं. ओपीडीच्या गोंगाटात ही कुजबुज बऱ्याचदा राहूनच जाते, हे मला खटकतं.

प्रश्न : बाबांना ‘ई’ म्हणायला लावलं. त्यांना वाटलं, थट्टा चाललीय.

थट्टा नाही. घट्ट झालेल्या भागावर ‘ई’ चा ‘ए’ ऐकू येतो, तोही नाकातला, शेळीच्या बें-बेंसारखा. स्टेथोस्कोप शोधणाऱ्या लेनेकने 1819 च्या ग्रंथात या शेळीसारख्या आवाजाची नोंद केली आहे. फुफ्फुसाभोवती पाणी साचलं असेल तर पाण्याच्या वरच्या कडेलाही असाच आवाज येतो; खाली, पाण्यावर मात्र आवाज मंदावतो. आपल्याकडे अशा पाण्यामागे टीबी असू शकतो, त्यामुळे तपासणी टाळू नका.

प्रश्न : मग एक्स-रे कशाला?

छोटा किंवा खोलवरचा न्यूमोनिया कानाला सापडतोच असं नाही. पाणी किती आहे ते सोनोग्राफीत नीट दिसतं.

प्रश्न : ऑनलाइन स्टेथोस्कोप मागवून घरीच ऐकू का?

हौसेला मागवा, निदानाला नको. पाठीवर वरच्या अंगाला, श्वासनळीजवळ, निरोगी माणसाचाही आवाज मोठाच येतो, उगाच घाबराल. त्यापेक्षा श्वास मोजा, पूर्ण एक मिनिट, पेशंटच्या नकळत. मोठ्या माणसाचा बसल्या जागी 30 किंवा त्याहून जास्त भरला, ओठ निळसर दिसले किंवा बोलण्यात असंबद्धपणा आला, तर सकाळची वाट न पाहता दवाखाना गाठा.