आयुष्यातल्या प्रत्येक वर्षासाठी एक आवडता रॉक अल्बम निवडताना वर्ष कोणतं धरावं, प्रकाशनाचं की आपण तो ऐकल्याचं?

प्रकाशनाचं. खरं तर उत्तर इथंच संपलं. पण हाच वाद आमच्या घरात मी कॉलेजला असल्यापासून चालू आहे आणि समोरचा माणूस अजून ऐकत नाही, म्हणून जरा लांबण लावतो.

मी १९७५ चा, सांगलीत वाढलेला. माझा आतेभाऊ १९७३ चा, पुण्याचा. एका दिवाळीला येताना त्यानं ९० मिनिटांची एक कॅसेट भरून आणली. ए बाजूला पिंक फ्लॉइडचा ‘डार्क साइड ऑफ द मून’, बी बाजूला त्यांचाच ‘विश यू वेअर हिअर’. आतल्या कार्डावर बॉलपेननं सालं लिहिलेली, १९७३ आणि १९७५. त्याचं साल आणि माझं साल एकाच फितीवर. भरून देणाऱ्याच्या डोक्यात असलं काही नव्हतं. पहिला अल्बम ४३ मिनिटांचा, दुसरा ४४ चा, आणि ९० च्या कॅसेटची एक बाजू ४५ मिनिटांची. फीत वाया जात नाही, गाणं तुटत नाही, एवढाच त्याचा हिशोब.

ती कॅसेट आम्ही मार्केट यार्डात, वडिलांच्या हळदीच्या अडत दुकानात, पोत्यांवर बसून टू-इन-वनवर लावायचो. ‘विश यू वेअर हिअर’मध्ये पहिला शब्द कानावर पडतो तो आठ मिनिटं उलटून गेल्यावर. वडील मिरजेला मिरासाहेबांच्या उरुसात संगीत सभेला रात्रभर बसणारे, अब्दुल करीम खाँसाहेबांच्या घराण्याचं गाणं ऐकून कान तयार झालेले. चार-पाच मिनिटं गप्प ऐकून म्हणाले, “आलाप ठीक आहे. बंदिश कधी?” बंदिश आली तोवर ते सौद्याला निघून गेले होते.

सुट्टी संपल्यावर आतेभाऊ कॅसेट घेऊन गेला आणि पुढच्या खेपेला आणली ती सेलोटेप लावून. ‘डार्क साइड’मधलं ‘मनी’ हे गाणं चालू असताना वॉकमननं फीत गिळली म्हणे. चुरगळलेला भाग त्यानं कात्रीनं कापून टाकला आणि टोकं चिकटवली. “वीतभर गेली रे फक्त,” म्हणाला. कॅसेटची फीत सेकंदाला पावणेपाच सेंटिमीटर पळते, म्हणजे वीतभर फितीत चार-पाच सेकंद जातात. मान्य. पण फीत एकच असते. तिच्या अर्ध्या रुंदीत ए बाजू आणि उरलेल्या अर्ध्या रुंदीत, उलट्या दिशेनं, बी बाजू. त्याच्या ‘मनी’ला लागून माझ्या ‘विश यू वेअर हिअर’मधलं ‘हॅव अ सिगार’ होतं. त्यातलेही तेवढेच सेकंद गेले. हे मी त्याला फीत हातात धरून दाखवलं. तरी आज चार माणसांत किस्सा सांगताना तो “माझं मनी गेलं” एवढंच सांगतो.

वर्षाला एक अल्बम हा खेळ त्या कार्डावरच्या सालांवरूनच सुरू झाला आणि पहिल्याच दिवशी अडला. त्याचं म्हणणं, ज्या वर्षी ऐकला ते वर्ष. “तू काय पाळण्यात फ्लॉइड ऐकत होतास?” अहो, पत्रिका जन्मवेळेवरून मांडतात, अक्कल आली त्या दिवसापासून नाही. ऐकल्याचं वर्ष धरणं त्याला परवडतं, कारण पुण्यात त्याला वर्षभर काही ना काही नवं मिळत होतं. हरभट रोडला आमच्या नेहमीच्या दुकानात भावगीतं, नाट्यगीतं आणि हिंदी पिक्चरची गाणी. रॉक यायचं ते ह्याच्या पिशवीतून, दिवाळीला नाहीतर मे महिन्यात, गठ्ठ्यानं. त्याच्या नियमानं माझ्या एकाच वर्षात सगळी गर्दी होते आणि पुढची-मागची वर्षं ओस. त्या एका कॅसेटवरच्याच दोन अल्बमांपैकी एक फेकावा लागला असता. कुठला, ते त्यानं आधीच ठरवलेलं होतं.

वर टोमणा असतोच, “तुमच्या सांगलीत ९१ साल ९५ ला उजाडलं.” उजाडलं ना. पण उजाडलं तेव्हा निर्वाणा बँडच्या ‘नेव्हरमाइंड’नं जग बदललं हे शिकवणारं मासिक आमच्या हातात नव्हतं. तो आणि पर्ल जॅमचा ‘टेन’ एकाच गठ्ठ्यात आले, दोन्ही ऐकले, ‘टेन’ आवडला. तोही अर्धवट, कारण ५३ मिनिटांचा अल्बम एका बाजूत मावत नाही आणि माझ्या कॅसेटवर शेवटचं ‘रिलीज’ नव्हतंच. तरी १९९१ त्याचंच. यादी आवडत्यांची करताय, इतिहासाचा पेपर सोडवत नाही आहात.

काही वर्षं भरतच नाहीत, असं तुम्ही प्रश्नाखाली लिहिलंय. मग कोरी ठेवा. माझं २००९ कोरंच आहे. शेजारच्या वर्षातून उसनं आणू नका, आणि निवडक गाण्यांचे संग्रह तर यादीच्या आसपासही नकोत. आमच्या विद्वानानं १९८१ पुढं क्वीनचा ‘ग्रेटेस्ट हिट्स’ लिहिलाय! त्यातलं ‘बोहेमियन रॅप्सडी’ १९७५ चं, म्हणजे माझ्या सालातला माल उचलून यानं आपलं १९८१ भरलं. त्याच वर्षी रशचा ‘मूव्हिंग पिक्चर्स’ आलाय, सातच गाणी, एकही टाकाऊ नाही.

वर्षअखेरीचे अल्बम तेवढे तपासून घ्या. ईगल्सचा ‘हॉटेल कॅलिफोर्निया’ लोक सर्रास १९७७ मध्ये टाकतात, पण तो ८ डिसेंबर १९७६ चा. पिंक फ्लॉइडचा ‘द वॉल’ ३० नोव्हेंबर १९७९ चा. द क्लॅशचा ‘लंडन कॉलिंग’ ब्रिटनमध्ये डिसेंबर १९७९ ला आला आणि अमेरिकेत जानेवारी १९८० ला. मी बँड ज्या देशातला त्या देशाची तारीख धरतो; क्लॅश ब्रिटनचे, म्हणून १९७९.

बाकी, तुमचा जन्म २००० च्या पुढचा असेल आणि अल्बम आला त्या रात्रीच फोनवर ऐकत असाल, तर ही सगळी भानगड तुमच्यासाठी नाहीच, दोन्ही सालं एकच निघतील. आणि पूर्ण न ऐकलेला अल्बम नुसता नावावर जाऊन लिहायचा असेल तर प्रकाशनाच्या वर्षाचा नियमही फुकट आहे. ‘टेन’चं एक गाणं मला मिळालं नव्हतं ती गोष्ट वेगळी, पुढं सीडीवर ऐकलंय. हेवी मेटल मी रॉकमध्येच धरतो. २००० ला माझा इंडियन ओशनचा ‘कंदिसा’ आहे. आतेभाऊ म्हणतो ते फ्युजन, रॉक नव्हे. मग त्याच्या लाडक्या ‘मनी’त सॅक्सोफोन आहे, त्याला जॅझ म्हणायचं का?

तुम्ही जन्मसाल लिहिलेलं नाही. १९७३ असेल तर ‘डार्क साइड’ डोळे झाकून लिहू नका. त्याच वर्षी, त्याच मार्च महिन्यात लेड झेपलिनचा ‘हाउसेस ऑफ द होली’ आलाय. दोन्ही ऐका आणि मग ठरवा. आमच्यातल्या १९७३ वाल्यानं तो अजून ऐकलेला नाही.