प्रबंध टाळ, पण वारसनोंद कर

“ताई, नाशिकच्या तांबटांवरचा माझा पीएचडीचा प्रबंध तीन वर्षं रखडलाय. लिहायला बसले की माळा आवरावासा वाटतो. यंदा दिवाळीनंतर महिनाभर रजा काढली. शेजारच्या मुलांची शिकवणी सोडली, भिशीचा हिशेब जाऊबाईंकडे दिला. महिन्यात चार पानं झाली. मोबाइल किती पाहिला ते सांगायची लाज वाटते. दोन महिन्यांपूर्वी वडील गेले, दिंडोरीच्या जमिनीची वारसनोंदही तशीच पडलीय. मी आळशी आहे का?”
– एक प्राध्यापिका, गंगापूर रोड

अगं, आळशी बाईचा माळा आवरलेला नसतो!

तुझं चुकलं ते रजा काढण्यात. शिकवणी काय, भिशी काय, प्रबंध टाळायलाच तू ती कामं नेटाने करत होतीस. तीच सोडलीस, मग टाळायला हाताशी मोबाइल तेवढा उरला. स्टॅनफर्डमधले तत्त्वज्ञानाचे प्राध्यापक जॉन पेरी यांनी यावर सिद्धांतच मांडलाय: धाक वाटेल असं काम यादीत सगळ्यात वर ठेवायचं आणि ते टाळता टाळता खालची उरकायची. त्याला २०११ साली साहित्याचं इग नोबेल मिळालं. आधी हसू येतं नि मग विचारात पडायला होतं, अशा कामांसाठीचं ते बक्षीस. मला नवल वाटलं नाही. हा स्तंभ लिहायचा दिवस आला की माझ्या घरी लोणचं पडतं.

तेव्हा शिकवणी परत सुरू कर. प्रबंधाच्याही वर एक थोरलं काम लिहून ठेव, ‘तांबटांवर इंग्रजीत पुस्तक’ असलं काहीतरी. ते टाळायला म्हणून सावानात, आपल्या नाशिकच्या सार्वजनिक वाचनालयात, जाऊन एखादं प्रकरण तपासावंसं वाटलं, तर वाटू दे.

वारसनोंदीचं मात्र तसं नाही. प्रबंध लांबला तर तुझा तुलाच त्रास. नोंद लांबली तर आई-भावंडंही अडकतील. कायद्याने तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे कळवायचं असतं, म्हणजे तुझ्या हातात एकच महिना आहे. सरकारच्या ई-हक्क या संकेतस्थळावर घरबसल्या अर्ज करता येतो. उद्या सकाळी प्रबंधाची फाइल उघड. पोटात गोळा आला की ती तशीच राहू दे आणि तो अर्ज भरायला घे. कागदपत्रांची पिशवी माळ्यावरच असेल ना? तो तर आवरून झालाय.

– ताई