अर्धा किलो चुका

फोंड्याच्या एका वाचकबाईंनी विचारलंय: घरी छपराचं काम चाललंय. मेस्त्रीने सामानाची चिठ्ठी दिली, त्यात ‘अर्धा किलो चुका’ असं लिहिलेलं. कॉलेजातली लेक पोट धरून हसली, म्हणाली, ‘आई, त्या तर आपल्याकडे फुकट आहेत.’ मग घरात वाद पेटला. खिळा, खीळ, चूक, मेख, खुंटी, पाचर हे सगळं एकच की वेगवेगळं? आणि कामाला ‘खीळ’ बसते, तर ‘खिळा’ का बसत नाही?

आधी चुका. मेस्त्रीचं काही चुकलेलं नाही. चूक म्हणजे बारीक, आखूड खिळा. फळीवर पट्टी मारताना, फोटोची चौकट जोडताना, चपलेचा तळ ठोकताना वापरतात तो. ही चूक आणि परीक्षेतली चूक दोन्ही स्त्रीलिंगी, दोन्हींचं अनेकवचन चुका, त्यामुळे लेकीचा विनोद व्याकरणात अगदी चोख बसतो.

आता मुख्य प्रश्न. संस्कृतात या सगळ्या घोळक्याला ‘कील’ हा एकच शब्द बराच पुरतो. पंचतंत्रातलं माकड आठवा: अर्धवट चिरलेल्या ओंडक्यात सुताराने ठोकून ठेवलेली वस्तू ते उपटतं आणि फटीत अडकून मरतं. मूळ श्लोकात ते ‘कीलोत्पाटी वानर’ आहे, म्हणजे कील उपटणारं. पण मराठीत ही गोष्ट सांगताना कुठलीही आजी ‘खीळ उपटली’ म्हणत नाही, ‘पाचर काढली’ म्हणते. मराठीने काय केलं ते इथे दिसतं. वस्तू कशी दिसते यापेक्षा ठोकल्यावर ती काय करते हे पाहून तिने शब्द वाटून दिले.

खिळा जोडतो. दोन लाकडं एकत्र धरायची, डोकं पृष्ठभागाशी बसवायचं, विषय संपला. तो पुन्हा काढायचा असतो असं कुणी धरून चालत नाही. खीळ थांबवते. गाडीचं चाक निसटू नये म्हणून आसाच्या टोकाला आडवी खोचलेली ती खीळ. ती काही जोडत नाही, नुसती आडवी राहते. म्हणून कामाला, प्रगतीला, धंद्याला खीळ बसते. २०१२ साली आणि पुन्हा २०१८ साली गोव्यातल्या खाणी बंद पडल्या, तेव्हा ‘अर्थव्यवस्थेला खीळ’ हे शब्द आपण इतक्यांदा वाचले की त्यात मुळात एक लोखंडी तुकडा आहे हेच विसरून गेलो. तिथे ‘खिळा बसला’ म्हणून बघा, लगेच पंक्चर झाल्यासारखं वाटेल.

दोघांची गाठ पडते ती एका दुखण्यात. मातीतला खिळा पायात घुसला आणि इंजेक्शन टाळलं तर धनुर्वाताची भीती, आणि धनुर्वाताचं पहिलं लक्षण बहुधा दातखीळ. आत जातो तो खिळा, बसते ती खीळ. खिळणे हे क्रियापदही याच घरातलं. नजर खिळते, माणूस अंथरुणाला खिळतो. दोन्हीकडे हालचाल थांबलेली आहे.

जाता जाता, खिळ्याशिवायही जोडता येतं. अजिंठ्याच्या चित्रातल्या, पाचव्या शतकातल्या जहाजावरून बेतलेलं ‘कौंडिण्य’ गोव्यात बांधलं गेलं आणि मे २०२५ मध्ये कारवारला नौदलात दाखल झालं. त्याच्या फळ्या काथ्याच्या दोरीने शिवलेल्या आहेत. ‘जहाज शिवलं’ हे वाक्य मराठीत किती सहज उभं राहतं बघा.

मेख फारसीतून आली. तिकडे तिचा अर्थ साधा खिळा असाच, आपल्याकडे येऊन ती जमिनीत गेली. तंबूचे दोर ताणायला, घोडा बांधायला रोवतात ती मेख. हा सगळा छावणीतला शब्दसंग्रह, तेव्हा शब्द फारसी असला तर नवल नाही. गोठ्यातली गाय मात्र मेखेला बांधत नाहीत, तिला आपला खुंटा. रोवलेली मेख गवतात दिसत नाही, पाय अडखळला की कळते. ‘खरी मेख इथेच आहे’ म्हणताना हाच अनुभव बोलत असावा, असं माझं मत. खीळ उघड अडवते, मेख लपून.

खुंटी बाहेर डोकावते, आणि तेच तिचं काम. भिंतीतून चार बोटं पुढे आली नाही तर सदरा टांगणार कशाला? खिळ्याचं डोकं वर राहिलं तर काम कच्चं, खुंटी आत गेली तर वाया. आपण अक्कलसुद्धा खुंटीलाच टांगतो. तंबोऱ्याची खुंटी मात्र वेगळी, ती फिरते. तिच्यावर तार गुंडाळलेली असते आणि गाणारा ती हलक्या हाताने पिळत सूर लावतो. भजनी मंडळातल्या पोरांचे कान पिळले जातात तेही त्याच हालचालीने.

पाचर दोन उलट कामं करते. ओंडक्याच्या फटीत ठोकली तर फोडते, कुदळीच्या दांड्याशी ठोकली तर सैल दांडा घट्ट होतो. म्हणी करताना मराठीने यातलं फोडणंच उचललं: अमक्याने मध्येच पाचर मारली. खीळ, मेख, पाचर, अडसर, आडकाठी, खोडा, एकूण एक शब्द अडवणुकीकडे गेला. घट्ट धरून ठेवणाऱ्या वस्तूंबद्दल आपल्या भाषेचं मत फारसं बरं दिसत नाही. एक कडी तेवढी सुटली. ‘याच्यावर कडी म्हणजे’ असं म्हणत तिने वरचा नंबर पटकावलाय.

अडसराबद्दल मात्र माझ्या मनात ममता आहे. सावईवेऱ्याला आमच्या आजोळी फणसाच्या लाकडाचं दार होतं आणि चिऱ्यांची हातभर जाड भिंत. त्या भिंतीत एका बाजूला खोल भोक होतं आणि अख्खा अडसर दिवसभर त्यात शिरून बसलेला असे. बाहेर फक्त टोक, हात लागून लागून गुळगुळीत झालेलं. रात्री जेवणं आटोपली की आजोबा ते टोक धरून अडसर ओढत, घर्रर्र आवाज होई आणि तो पलीकडच्या खाचेत जाऊन बसे. बाहेर त्याचा मागमूस नाही, त्यामुळे बाहेरून तोडायला काही नाही. दाराला कडी आणि कोयंडाही होता, पण तो दुपारी कुलूप लावून देवळात जाण्यापुरता. कडी म्हणजे साखळीचा तो दुवा, आणि चौकटीवरच्या ज्या लोखंडी नाकात ती अडकवून कुलूप घालतात तो कोयंडा. आता कोयंडा राहिलाय तो चोरीच्या बातमीत. तिथे तो दर वेळी ‘उचकटलेला’च असतो, बिचारा.

कुलूप नि टाळं यांतही असाच सूक्ष्म भेद आहे. घराला आपण कुलूप लावतो. टाळं लागतं ते कारखान्याला, कुणीतरी दुसऱ्याने ठोकलेलं. आणि कुलूप उघडायला आपण गोव्यात किल्लीपेक्षा चावीच जास्त वापरतो, ती पोर्तुगीज ‘शाव्ही’. कोकणीत बटणाचा बुतांव झाला तोही त्याच वाटेने. तुमचा मेस्त्रीही मुळात पोर्तुगीज ‘मेस्त्र’.

राहिला स्क्रू. त्याला मराठीत मळसूत्र असा देखणा शब्द आहे. दुकानात मागू नका, कुणी देणार नाही. पण छपराची पट्टी पुढेमागे उघडावी लागणार असेल तर मेस्त्रीला चुकांऐवजी स्क्रू मारायला सांगा. आणि चुकाच आणायच्या असतील तर इंच विचारून घ्या. नुसतं ‘अर्धा किलो चुका’ म्हटलं तर दुकानदार समोर तीन डबे ठेवून तुमच्याकडेच बघत बसेल.