इलेक्टिव्हचे पंधरा दिवस : पेशींच्या प्रयोगशाळेत जाण्यापूर्वी

चि. विद्यार्थिनीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

इलेक्टिव्हचा, म्हणजे एमबीबीएसमध्ये आपल्या आवडीचा विषय निवडून शिकायच्या काळाचा, पहिला भाग पेशीजीवशास्त्राच्या प्रयोगशाळेत करण्याचा तुझा विचार मला आवडला. मात्र सोबतच्या टिपणात लिहिलेला 'हळदीतील घटकाचा कर्कपेशींवरील परिणाम आणि त्यामागील यंत्रणा' हा विषय तू बाजूला ठेवावास. २०१९ च्या अभ्यासक्रमात इलेक्टिव्हसाठी दोन महिने होते. पुढे त्यांचा एक महिना झाला, आणि प्रयोगशाळेच्या वाट्याला त्यातले पंधरा दिवस येतात. द्रव नायट्रोजनमध्ये गोठवून ठेवलेल्या पेशी बाहेर काढल्यावर सावरून नीट वाढू लागेपर्यंत आठवडा सहज निघून जातो, आणि पेशींतले एखादे प्रथिन ओळखण्याच्या एका वेस्टर्न ब्लॉट चाचणीला साधारण दोन दिवस लागतात, तीही नवख्या हाताला पहिल्या खेपेस क्वचितच साधते. एक तंत्र आणि एक लहान प्रश्न, एवढेच घेऊन जा.

उदाहरणार्थ, एकाच फ्लास्कमधल्या जिवंत पेशी तू आणि तुझ्या शेजारच्याने स्वतंत्रपणे मोजल्या, तर आकडे कितपत जुळतात? न्यूबॉर चेंबर (पेशी मोजायची आखीव काच) तू पहिल्या वर्षी शरीरक्रियाशास्त्राच्या प्रात्यक्षिकात रक्तपेशी मोजताना हाताळलेलेच आहे. इथे फरक एवढाच की ट्रिपॅन ब्लू हा रंग मेलेल्या पेशींत शिरतो आणि जिवंत पेशी बिनरंगी राहतात. पण मोजायला उशीर केला तर जिवंत पेशीही हळूहळू निळ्या पडू लागतात, म्हणजे घड्याळाकडे न पाहता काढलेला टक्का फसवा ठरतो. औषधाने पेशी मेल्या असे म्हणण्यापूर्वी, औषध न घातलेल्या आणि ते औषध ज्यात विरघळवले तो द्रावकच फक्त घातलेल्या पेशींचे काय झाले, हे विचारण्याची सवय इथेच लागते. पुढे एखाद्या औषधाच्या चाचणीचा अहवाल वाचताना ती कामी येईल.

प्रयोगशाळा निवडताना संस्थेच्या नावाला भुलू नकोस. पुण्याचे राष्ट्रीय पेशी विज्ञान केंद्र किंवा खारघरचे कर्करोग संशोधन केंद्र अॅक्ट्रेक मिळाले तर उत्तमच, परंतु तुला प्रत्यक्ष शिकवणार आहे तो तिथला पीएच.डी. करणारा विद्यार्थी, आणि त्याच्याकडे तुझ्यासाठी वेळ आहे का, हे आधी विचारून घ्यावे. प्रमुख बहुधा दौऱ्यावर असतात (हे मी प्रमुखपद भोगून लिहीत आहे). ही विद्या हातावरून हातावर जाते. मुंबईत टिश्यू कल्चरची (शरीराबाहेर पेशी वाढवण्याची) प्रयोगशाळा उभारणाऱ्या कमल रणदिवे यांनी बाल्टिमोरला जॉर्ज गे यांच्याकडे काम केले होते. १९५१ साली हेला पेशी, म्हणजे प्रयोगशाळेत अखंड वाढत राहणाऱ्या मानवी कर्कपेशी, वाढल्या त्या याच गे यांच्या प्रयोगशाळेत.

हेलावरून आठवले : आपल्या सेल लाइनची (एका मूळ नमुन्यापासून पिढ्यानपिढ्या वाढवत आणलेल्या पेशींची) ओळख केव्हा पडताळली आणि मायकोप्लाझ्मा या पेशी दूषित करणाऱ्या जिवाणूची तपासणी किती दिवसांनी होते, हेही नम्रपणे विचार. स्टॅन्ली गार्टलर यांनी १९६६ साली दाखवले की वेगवेगळ्या व्यक्तींच्या समजल्या जाणाऱ्या १८ सेल लाइन्समध्ये जीसिक्सपीडी या विकराचा एकच प्रकार आढळतो, तोही हेलाचा. त्या पेशींनी इतर फ्लास्क बळकावले होते. मायकोप्लाझ्माचे दुखणे आणखी छुपे असते, कारण त्याने पेशी ज्यात वाढतात ते पोषक माध्यम गढूळ होत नाही आणि पेशीभित्तीच नसल्याने पेनिसिलिनला ते दाद देत नाही. सूक्ष्मजीवशास्त्रात पाठ केलेले हे वाक्य तिथे हूडपुढे (जंतुविरहित हवेच्या कपाटापुढे) बसल्यावर खऱ्या अर्थाने कळते.

लॉगबुक परीक्षेसाठी लागतेच, पण रोजची नोंदवही निराळी ठेव, आणि तीत जे दिसले ते एका पानावर व त्याचा अर्थ काय वाटला ते समोरच्या पानावर लिही. पॉल लांगरहान्स बर्लिनमध्ये वैद्यकाचा विद्यार्थी असताना त्याने १८६८ साली गोल्ड क्लोराइडने त्वचेतल्या शाखायुक्त पेशी रंगवून दाखवल्या. त्या मज्जातंतूंच्या पेशी असाव्यात हा त्याचा समज पुढे चुकीचा ठरला. त्या प्रतिकारसंस्थेच्या निघाल्या. वर्णन मात्र टिकले. पुढच्याच वर्षी स्वादुपिंडातली बेटे पाहून त्याने त्यांचे कार्य आपल्याला माहीत नाही असेच लिहिले, आणि तरीही ती आज त्याच्या नावाने ओळखली जातात.

काम आवडले आणि प्रश्न अपुरा राहिला, तर आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) अल्पकालीन विद्यार्थी शिष्यवृत्तीसाठी अर्ज कर. १९७९ पासून चालत आलेल्या त्या योजनेत दोन महिने मिळतात, आणि हळदीचा विषय तेव्हाही मोठाच ठरेल. मार्गदर्शकांना पाठवायच्या पत्राचा मसुदा आधी मला दाखव. तो एका पानाहून मोठा नसावा.

कळावे.