बचत गटांच्या महिलांना रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाबद्दल माहिती द्यायची आहे. कार्यक्रम कसा घ्यावा?

तुम्ही विचारलंय की प्रभाग संघातल्या महिलांसाठी दोन तासांचा कार्यक्रम ठरलाय, त्यात लोकपालाबद्दल काय सांगायचं आणि कोणाला बोलवायचं.

लोकपाल म्हणजे बँकेने तक्रार सोडवली नाही तर ती ऐकणारा रिझर्व्ह बँकेचा अधिकारी. लोकपाल योजनेच्या इतिहासावर पाच मिनिटांपेक्षा जास्त वेळ घालवू नका. बँका, बिगरबँक वित्त कंपन्या आणि डिजिटल व्यवहार यांच्यासाठीच्या तीन वेगवेगळ्या योजना 12 नोव्हेंबर 2021 ला एकत्र झाल्या, तक्रारीला फी नाही आणि वकील लागत नाही, एवढं पुरे. बाकीचा वेळ एकाच गोष्टीला द्या: बँकेकडे लेखी तक्रार आणि तिची पोच. आधी बँकेकडे न जाता थेट लोकपालाकडे पाठवलेली तक्रार दाखलच करून घेत नाहीत, कारण बँकेला उत्तरासाठी 30 दिवस द्यावे लागतात. काउंटरवर तोंडी सांगून आल्याचा काही पुरावा राहत नाही. बाई बिचारी महिनोन्‌महिने खेपा घालते आणि ते 30 दिवस मोजायला सुरुवातच झालेली नसते.

म्हणून भाषणाऐवजी कागद वाटा आणि तिथेच अर्ज लिहून घ्या. शाखेचं नाव, खाते क्रमांक, काय झालं, कोणत्या तारखेला, किती रुपये आणि नेमकं काय हवंय. हे शेवटचं बहुतेक जणी विसरतात. "माझ्यावर अन्याय झाला" असं लिहिण्यापेक्षा "माझ्या संमतीशिवाय कापलेले 436 रुपये खात्यात परत जमा करावेत" असं लिहायला शिकवा. 436 हा जीवन ज्योती विम्याचा वर्षाचा हप्ता आणि 20 रुपये सुरक्षा विम्याचा. पासबुकात हे आकडे दिसले की ते कशाचे, हे बायकांना लगेच ओळखता यायला हवं. अर्जाच्या दोन प्रती काढायच्या, एक शाखेत द्यायची आणि दुसरीवर शिक्का, सही, तारीख घ्यायची. शाखेने पोच नाकारली तर तोच अर्ज स्पीड पोस्टाने पाठवायचा आणि पावती त्या प्रतीला टाचायची. बँकेच्या टोल फ्री नंबरवर तक्रार केली तर तिचा क्रमांक लिहून घ्यायचा. सरावाच्या कागदावर मात्र खरा खाते क्रमांक नको, शेजारणीने बघितला म्हणून उगाच वाद नको.

उदाहरणं त्यांच्या रोजच्या व्यवहारातली घ्या. एटीएममधून नोटा आल्या नाहीत पण खात्यातून पैसे वजा झाले, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांत ते परत जमा व्हायला हवेत. पुढच्या प्रत्येक दिवसाला 100 रुपये भरपाई, आणि ती बँकेने स्वतःहून द्यायची असते. खात्यातून कोणी पैसे उडवले तर आधी 1930 (सायबर फसवणुकीची हेल्पलाइन) आणि बँक, दोन्हीकडे लगेच कळवायचं. खातेदाराची आणि बँकेचीही चूक नसेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामकाजाच्या दिवसांत कळवलं, तर सगळी रक्कम बँक भरते. ओटीपी सांगून बसलेली बाई मात्र लाजेने घरातसुद्धा बोलत नाही. तिला हे ठासून सांगा: कळवेपर्यंतचं नुकसान तिचं, पण कळवल्यानंतर जे जाईल ते बँकेचं. म्हणजे दर तासाला फरक पडतो.

मायक्रोफायनान्सचं कर्ज तुमच्याकडे अनेकींच्या डोक्यावर असणार. वसुलीसाठी सकाळी 9 च्या आधी आणि संध्याकाळी 6 नंतर फोन करता येत नाही, मुदतीआधी कर्ज फेडलं तर दंड नाही, विमा किंवा दुसरी वस्तू गळ्यात मारता येत नाही, आणि कर्जदाराला समजेल अशा भाषेतलं कर्जाचं कार्ड द्यावंच लागतं. सगळ्यांना ते कार्ड घेऊन यायला सांगा आणि व्याज, शुल्क, विमा या ओळी बोट ठेवून वाचून घ्या. माझ्या मते अख्ख्या कार्यक्रमात ही दहा मिनिटं सर्वांत मोलाची.

कोण या योजनेत नाही, हेही स्पष्ट सांगा, नाहीतर लोक चुकीच्या दारात महिने घालवतात. पतसंस्था लोकपालाकडे येत नाहीत, त्यांच्यासाठी तालुक्याचं सहकार खात्याचं निबंधक कार्यालय. जिल्हा मध्यवर्ती सहकारी बँका आधी बाहेर होत्या, 1 नोव्हेंबर 2025 पासून आत आल्या. विमा कंपनीशी भांडण असेल तर विमा लोकपाल वेगळा, त्याची कार्यालयं मुंबई, ठाणे आणि पुण्यात आहेत. कर्ज द्यायचं की नाही हा बँकेचा व्यावसायिक निर्णय असतो, त्यात लोकपाल पडत नाही.

वक्ता हवा असेल तर जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाला पत्र द्या, आर्थिक साक्षरता केंद्राचा समुपदेशक मिळतो. ग्रामीण शाखांनी महिन्याच्या तिसऱ्या शुक्रवारी शिबिर घ्यायचं असतंच, तीच तारीख गाठली तर शाखेचा माणूसही सहज येतो. पण शाखाधिकाऱ्यांना सुरुवातीपासून व्यासपीठावर बसवू नका. ज्यांच्याकडे उद्या कर्ज मागायचंय त्यांच्यासमोर कोणी तक्रार बोलून दाखवत नाही. शेवटच्या अर्ध्या तासाला बोलवा. तीसेक जणींपेक्षा जास्त नको, नाहीतर अर्ज तपासून होत नाहीत.

पत्रकावर फक्त 14448 हा रिझर्व्ह बँकेचा मदत नंबर (मराठीतही बोलता येतं), तिच्या तक्रार पोर्टलचं नाव (cms.rbi.org.in) आणि "आधी बँक, 30 दिवस, मग लोकपाल" एवढंच छापा. भरपाईच्या आणि मुदतीच्या मर्यादा सुधारित योजनेत बदलू शकतात, त्या पत्रकावर नकोत. बैठकीच्या आदल्या दिवशी रिझर्व्ह बँकेच्या संकेतस्थळावर बघून सांगा.

आणि दुसरी बैठक साधारण 35 दिवसांनी आत्ताच ठरवून टाका. ज्यांना उत्तर आलं नाही किंवा नकार आला, त्यांची तक्रार त्या दिवशी पोर्टलवर भरायची. सोबत पोच घेतलेली प्रत, बँकेचं उत्तर आलं असेल तर ते आणि पासबुकाच्या त्या पानाचा फोटो. पोर्टल मोबाइलवर ओटीपी पाठवतं. तो बाईने स्वतः टाकायचा, मदत करणाऱ्या सीआरपीने (गटांना मदत करणारी गावातलीच कार्यकर्ती) विचारायचासुद्धा नाही. पहिल्या बैठकीत "ओटीपी कोणालाच सांगू नका" असं शिकवून दुसऱ्या बैठकीत आपणच तो मागितला, तर सगळं शिकवणं वाया. पोर्टल जमत नसेल तर नमुन्यातला अर्ज सही करून चंदीगडला, रिझर्व्ह बँकेच्या सेक्टर 17 मधल्या केंद्रावर टपालानेही जातो, पिन 160017. तक्रार क्रमांक मिळाला की तो ग्रामसंघाच्या वहीत नोंदवून ठेवा, पुढची चौकशी त्यावरच होते.