विंडसर्फिंग नुकतंच शिकतोय, बजेट कमी आहे. कोणतं साहित्य घ्यावं?

वापरलेलं घ्या, पण बोर्डाच्या आकारात तडजोड नको. वजनाच्या किलोत साधारण १०० मिळवा: ७० किलोच्या माणसाला १७० लिटरच्या आसपास आकारमानाचा, ७५ सेंटिमीटरहून रुंद, डॅगरबोर्ड (बोर्डाच्या मध्यातून खाली पाण्यात उतरणारी पाती) असलेला बोर्ड हवा. फार जुने लांब-अरुंद बोर्ड स्वस्त मिळतात, पण इतके डुगडुगतात की सगळा वेळ पाण्यात पडण्यातच जातो. घेण्याआधी पृष्ठभाग अंगठ्याने दाबत जा, विशेषतः उभं राहण्याच्या जागी. कुठे मऊ लागलं तर थर सुटलेत किंवा आत पाणी शिरलंय. तो बोर्ड सोडून द्या.

शीड ४.५ ते ५.५ चौरस मीटरचं पुरे. त्याची पारदर्शक फिल्म उन्हाने ठिसूळ होते, उजेडात धरून चिरा शोधा. मास्ट (शिडाची काठी) शिडावर छापलेल्या लांबीचाच घ्या, नाहीतर शीड नीट ताणलं जात नाही. कार्बन फायबरचं प्रमाण कमी असलेला मास्ट चालेल, फक्त जोडाजवळ तडा नको.

मास्ट आणि बोर्ड जोडणारा रबरी सांधा मात्र नवाच घ्या. तो किनाऱ्यापासून दूर तुटला तर शीड निकामी होतं आणि वारा नेईल तिकडे तुम्ही वाहत जाता. लाइफ जॅकेटही नवंच. हार्नेस (शिडाचा ओढ अंगावर घेणारा पट्टा) आत्ता लागणार नाही.